केळफूल गेम्स माझ्यामागे कोणी चालवावी

मी, प्रल्हाद हरिभाऊ सावे, वय वर्षे एकसष्ट, धंदा व्हिडिओ गेम बनवणे, राहणार सांडोर, तालुका वसई, जिल्हा ठाणे, माझ्या माघारी काय व्हावे ते येथे लिहून ठेवतो. धंद्याच्या जागी टायपिस्टने ‘खेळणी विक्रेता’ असे घातले होते, ते मी बदलून घेतले. माझी मूत्रपिंडे कामातून गेली आहेत, पण डोके शाबूत आहे आणि तसा दाखला डॉ. ज्ञानदा वर्तक यांनी मला तपासून दिला आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. यापूर्वी केलेला मसुदा रद्द समजावा. तो का रद्द केला ते कलम चारमध्ये येईल.

कलम एक. माझ्या वाट्याची केळीची वाडी व राहते घर माझी पत्नी आशालता हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील, नंतर मुलगा सुमेध याच्याकडे जाईल. कंपनीसाठी ही वाडी मी एकदा बँकेकडे गहाण ठेवली होती. आशालताने समजून उमजून सही केली आणि मला म्हणाली, “बुडालं तर मी बाजारात भाजी घेऊन बसेन. पण तोंड पाडून घरात फिरायचं नाही.” तिच्या हयातीत ही वाडी पुन्हा कोणीही गहाण ठेवू नये. एका बाईने एका जन्मात एवढे धाडस पुरे.

कलम दोन. माझा धाकटा भाऊ जितेश याला सामाईक विहिरीचे पाणी पूर्वीप्रमाणे मिळत राहील. वाडीतल्या भाताच्या कोठारात मी संगणक बसवले, तेव्हा ‘दादाने पोरखेळ मांडलाय’ असे त्याने गावभर सांगितले आणि पंपाच्या मीटरवरून घेतलेली आमची वायर कापली. त्यात आमचे बरेच काम गेले. ते मी विसरलेलो नाही. माझा जुना मोबाइल त्याला द्यावा. त्यात आमचा रिक्षाचा गेम आहे. त्याने निदान पहिली पातळी पार करून दाखवावी.

कलम तीन. स्टेशनजवळ तासावर व्हिडिओ गेम खेळायला देण्याचे माझे दुकान होते, तेव्हाचे टीव्ही, रिमोट आणि दुरुस्तीची हत्यारे कंपनीत ठेवावीत. कोणी उघडून पाहिली तर ओरडू नये. मी स्वतः उघडून बघतच शिकलो.

कलम चार. केळफूल गेम्स. कंपनीची रीत मी वाडीतून घेतली. केळीचा लोंगर, म्हणजे घड, उतरवला की ते झाड पुन्हा फळत नाही. ते तोडतात आणि बुंध्याशी फुटलेल्या पिलांतले एक जोमदार पील राखतात. आमच्याकडे एखादा गेम चालला की त्याचा दुसरा भाग काढायचा नाही. नवा गेम सगळ्यात नवख्या माणसाच्या हाती द्यायचा. पोरे याला ‘तोडणी’ म्हणतात.

नायगावच्या शेअर रिक्षाचा गेम मोबाइलवर धो धो चालला. एका मोठ्या फोन कंपनीने दुसरा भाग मागितला. मी नाही म्हटले आणि आमच्या गावच्या विनी तुस्कानोला विचारले. ती तेव्हा नुकतीच लागली होती. तिने गेमसाठी विषय घेतला तो मराठ्यांनी पोर्तुगीजांच्या वसई किल्ल्याला घातलेल्या वेढ्याचा. आमच्या घरी ती विजयाची गोष्ट आहे. विनीची आजी तीच गोष्ट आवाज खाली करून सांगते. म्हणून विनीच्या गेममध्ये खेळणारा ना या बाजूचा, ना त्या बाजूचा. तो वाडीवाला आहे आणि दोन्हीकडे भाजी पोचवतो.

फोन कंपनीचा साहेब म्हणाला, “यात मारायचं कोणाला?”

विनी म्हणाली, “कोणालाच नाही. भाजी सुकायच्या आत पोचवायची.”

त्यांनी तो घेतला नाही, दुसऱ्या कोणीही घेतला नाही. वाडी गहाण पडली ती तेव्हाच. त्या काळात सुमेधने दुसऱ्यांचे गेम तपासून द्यायची कामे आणली आणि सगळ्यांचे पगार निघाले. मी त्याला हमाली म्हणायचो. शेवटी तो गेम इंडोनेशियातल्या एका कंपनीने घेतला. तिथल्या लोकांना वसई माहीत नव्हती, पण भाजी सुकते हे माहीत होते. वाडी सुटली. नफा म्हणावा असा काही झाला नाही.

पहिल्या मसुद्यात मी कारभार सुमेधला दिला होता, दरवर्षी एक नवा गेम काढण्याच्या अटीवर. तो जात्याच जपून चालणारा. त्याची ही भीती मोडावी म्हणून मी त्याला लहानपणापासून टोचत आलो. मसुदा वाचून तो माझ्या खाटेशी बसला.

“बाबा, माझ्याकडे दिलीत तर कंपनी नीट राहील. पगार वेळेवर होतील आणि नवा गेम एकही निघणार नाही. अट घातलीत तरी मी पळवाट काढेन. मला माहितीये मी कसा आहे. विनीला द्या.”

मी विचारले, तू तिच्या हाताखाली राहशील?

“राहीन. तिला नाही म्हणणारं कोणीतरी लागेलच.”

म्हणून माझे निम्म्याहून अधिक समभाग व कारभाराचा अधिकार मी विनी तुस्कानो हिला देत आहे. उरलेले समभाग सुमेधला. मुलगा असताना कंपनी दुसऱ्याच्या मुलीला, तीही ख्रिस्ती, दिली असे गावात बोलतील. जितेश आत्तापासूनच बोलतो आहे आणि ही सही होऊ नये म्हणून दोनदा येऊन गेला. बोलू द्यावे.

कलम पाच. विनीचे गेम पडले आणि कंपनी बंद करावी लागली, तर आधी सर्वांचे पगार द्यावेत आणि तिला कोणी दोष देऊ नये.

कलम सहा. सुमेधला मी जन्मभर भित्रा म्हटले. चालती कंपनी हातात येत असताना ती सोडणे मला जमले नसते. त्याने ते केले. मला त्याचा अभिमान वाटतो आणि हे मी त्याच्या तोंडावर म्हणू शकलो नाही. वकील सरोजिनी म्हात्रे म्हणतात, या कलमाने कोणाला काही मिळत नाही, तेव्हा ते गाळावे. गाळू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे, म्हणून दोन्ही साक्षीदारांसमोर सही करतो.

सही: प्रल्हाद हरिभाऊ सावे

साक्षीदार:
१. इग्नेशियस लोपीस, शेजारी, सांडोर
२. डॉ. ज्ञानदा वर्तक, वसई

स्थळ: सांडोर, तालुका वसई
दिनांक: २१ ऑक्टोबर २००८