बदामी गाद्या

८ ऑगस्ट, शुक्रवार

पुन्हा ओली. या वेळी मधली गादी. दूध उतू जाईल म्हणून मी ओट्याशी उभी होते, तेवढ्यात. पुंडलिकराव खिडकीबाहेर बघत बसलेले, चेहरा असा, की जणू शेजाऱ्याने केलंय.

लकव्याने उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. उरलं ते फक्त ‘नाही’. कृषी अधिकारी म्हणून जन्मभर तालुक्याला ‘बघू, बघू’ म्हणत आले, आणि शिल्लक राहिलं काय, तर ‘नाही’. डायपर लावला की डाव्या हाताने फाडतात. खाटेवर न्यायला गेलं की ‘नाही’. बसायचं ते सोफ्यावर, रस्ता दिसेल असं.

आणि सोफा कसला, तर बदामी! कपिलने पुण्याहून पाठवलेला. काळ्या मातीच्या पुसदला बदामी सोफा पाठवणाऱ्या मुलाला इंजिनिअर कोणी केलं? मीच केलं.

९ ऑगस्ट

कपिलचा फोन. ‘आई, झेपत नसेल तर तसं सांग ना. नागपूरला चांगलं केंद्र आहे, चोवीस तास माणसं असतात. महालक्ष्म्यांना येतोच आहे. घर बघतो, मग बाबांचं ठरवू.’

घर बघतो म्हणे. मी काय भाड्याने द्यायला काढलंय? टेलिफोन एक्स्चेंजची सुपरवायझर होते मी. अख्ख्या गावाच्या तारा सांभाळल्या, एक नवरा सांभाळता येणार नाही?

शिवाय यांचं कुठलं ‘नाही’ कशाचं, ते फक्त मला कळतं. भुकेचं वेगळं, पाठ दुखल्याचं वेगळं, रागाचं वेगळं. नागपूरच्या चोवीस तासवाल्यांना काय कळणार? नेऊ देणार नाही. महालक्ष्म्यांपर्यंत घरात वास येता कामा नये, एवढंच करायचं आहे.

११ ऑगस्ट

गादीच्या आत चिठ्ठी शिवलेली: फक्त ड्रायक्लीन. गेले घेऊन. दुकानदार म्हणतो, ‘मॅडम, साड्या आना, कोट आना. गाद्या कायले आनता?’

मग मोबाईल. एक हसरी पोरगी सांगते, खायचा सोडा भुरभुरवा, थोडं थांबा, व्हॅक्युम क्लीनरने ओढून घ्या. तिच्या सोफ्यावर कोणी बसतच नसावं. माझ्याकडे व्हॅक्युम नाही. ब्रशने झटकलं. पिवळ्या नकाशावर पांढरा नकाशा आला. दुसरी म्हणते व्हिनेगर शिंपडा. ते कुठे मिळेना, शेवटी चायनीजच्या गाडीवाल्याकडून अर्धी बाटली आणली. आता बैठकीला आणखी एक वास.

१४ ऑगस्ट

खोळ काढून धुतली, ती वाळली. तिथे थांबायला हवं होतं. मला वाटलं, मूळ वास आतल्या फोममध्ये आहे. म्हणून फोम मोरीत आडवा टाकला आणि वरून नळ सोडला.

बिजलीबाई तांड्यावरून येते. धुणीभांडी करते आणि मतं देते. बघत उभी राहिली. ‘म्याडम, हे तं म्हशीवानी पानी पिऊन राह्यली.’

पिळता येईना, उचलता येईना. शेवटी दोघी त्यावर उभ्या राहिलो, एकमेकींचे खांदे धरून, पाय आपटत. ‘फुगडीच झाली तं,’ म्हणते. मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी. पण पाणी येतच राहिलं, साबणाचं, मग सोड्याचं, मग नुसतं. माझी कंबर भरली. फोम होता तेवढाच ओला.

१६ ऑगस्ट

झड लागली आहे. बिजलीबाई म्हणते, ‘समोरच्या गॅलरीवर टाका. जराशी उघाड पडली का वारं लागते, वाळते.’

म्हटलं, टाकणार नाही.

‘काहून?’

तिला काय सांगू. कॉन्व्हेंटच्या होस्टेलात ज्या मुलीने रात्री गादी ओली केली, तिची गादी गॅलरीच्या कठड्यावर टाकत. प्रार्थनेची रांग त्याखालून जायची. कोणी बोलायचं नाही. सगळ्या मान वर करून बघायच्या आणि मग त्या मुलीकडे बघायच्या. मी त्यातली नव्हते, पण मान मीही वर करत होते.

यांनी या रस्त्यावर माणसांचे नमस्कार घेतले आहेत. यांची गादी मी त्या रस्त्याला दाखवणार नाही. मागच्या खोलीत पंख्याखाली ठेवली, दार लावून.

१९ ऑगस्ट

दार उघडलं. ओल्या कुत्र्याचा वास. फोमवर काळे ठिपके, बुरशी. वरून कोरडा लागतो, दाबला की बोटं ओली.

गाद्यावाल्याकडे गेले. ‘ह्या मापाचा फोम नागपूरहून मागवा लागते मॅडम. गनपतीनंतर पाहू.’ मला गणपतीआधी हवाय म्हटलं तर हसला. मोठाल्या ऑर्डरी सोडून तो माझ्या एका तुकड्यासाठी नागपूर गाठणार आहे थोडाच.

दरम्यान दुसरी गादी ओली झाली, हे लिहायचं राहिलं.

२० ऑगस्ट

रात्रीच्या गोळीनंतर यांना मोरीपर्यंत नेताना दोघेही भिंतीला टेकलो. पडलो नाही. खूप वेळ तसेच उभे होतो. मला वाटलं, आता मला कोणी तरी हाक मारेल. कोण मारणार?

२१ ऑगस्ट

मेणकापड आणलं, तान्ह्या बाळाखाली घालतात ते. सोफ्यावर पसरलं. यांनी ओढून काढलं. पुन्हा घातलं. पुन्हा काढलं. मी हातावर मारलं. जोरात. चांगल्या हातावर.

२२ ऑगस्ट

पोळा. रस्त्याने बैल गेले, झुली, घुंगरं, पोरं. दरवर्षी कोणाची जोडी, कुठल्या शिवारातली, हे मला न विचारता सांगायचे. आज हे खिडकीकडे बघत नव्हते. माझ्या हातांकडे बघत होते. मी हात पदराखाली घेतले.

२६ ऑगस्ट

बुरशीच्या गादीला ऊन दाखवल्याशिवाय काही खरं नाही. आज ऊन पडलं, पण गच्चीवर चढवायला माणूस नाही. बिजलीबाई तीजेची सुट्टी घेऊन तांड्यावर. मी दोन पायऱ्या ओढली आणि सोडून दिली. जिन्यात गादी आणि गादीवर मी. थोडी रडले. कोणावर चिडायचं तेच सापडेना.

शेवटी घासली, उलटी करून खोळीत भरली. वरची बाजू छान दिसते.

३० ऑगस्ट, शनिवार

विमलताई नेरहून आल्या, दुपारी कपिल आणि सून प्रेरणा. विमलताई म्हणजे यांची धाकटी बहीण, सोवळ्याची पक्की. आल्याआल्या सोफा भिंतीला लावून घेतला, महालक्ष्म्यांसाठी जागा केली, आणि मला बाजूला घेतलं. ‘वहिनी, दादाले आतच राहू द्या. महालक्ष्म्या बैठकीत बसनार, अन् त्याचं हे असं. नाई चालनार.’

दरवर्षी पूजेला हेच बसायचे. मी भांडायला हवं होतं. माझी जीभ साऱ्या नातेवाईकांना माहीत आहे. पण मनात पहिला विचार काय आला, तर हे आत राहिले की सोफा कोरडा राहील. गप्प बसले. कपिलने आणि मी धरून यांना आतल्या खाटेवर नेलं.

१ सप्टेंबर

पूजा कपिलने केली. सोळा भाज्या, पुरण, आंबील. केवडा, कापूर, आणि धुपाटण्यात ऊद इतका, की डोळे चुरचुरत होते. ऊद मीच घालत होते, पुन्हा पुन्हा. प्रेरणा म्हणाली, ‘आई, किती प्रसन्न वाटतंय ना?’

आरती चालू असताना आतून आवाज यायचा. नाही, नाही. विमलताई कौतुकाने म्हणाल्या, ‘दादा बी आरती म्हणून राह्यला.’ मला कळत होतं ते कुठलं ‘नाही’ आहे. टाळ्या वाजवत राहिले.

आतल्या चादरी पहाटे कपिल उठायच्या आधी बदलल्या. काल, आज. बादली बिजलीबाईने मागच्या दाराने नेली.

२ सप्टेंबर

कपिल गेला. जाण्याआधी चहा घेऊन सोफ्यावर बसला. त्याच मधल्या गादीवर. हाताने दाबून बघितली. ‘मस्त ठेवलंयस गं सगळं. मी उगाच घाबरलो होतो. विमलआत्यापण म्हणाली, वहिनीसारखं कोणी करणार नाही.’

मी म्हटलं, ‘मग?’

‘मग काय, नागपूरचं राहू दे. तू आहेस ना. आता दिवाळीला येतो.’

जिंकले. महिनाभर ज्यासाठी घासत होते ते मिळालं. गाडीत बसताना त्याने काच खाली केली आणि मला वाटलं, आता विचारेल, आई, तू कशी आहेस? म्हणाला, ‘पुरणपोळ्या दिल्यास ना?’ दिल्या होत्या. मी हात हलवला. गाडी वळली तरी हलवत होते. पाय फाटकापाशी रोवल्यासारखे. त्याच्या मागे धावावं असं का वाटलं, ते मला सांगता येत नाही.

३ सप्टेंबर

विमलताई सकाळच्या बसने गेल्या. महालक्ष्म्यांचे मुखवटे पेटीत ठेवले, सोफा खिडकीशी ओढला, यांना आणून बसवलं. किती खूश झाले! डाव्या हाताने कापड कुरवाळत होते.

चहा होईपर्यंत गादी ओली.

मी चिंधी आणली नाही, सोडा आणला नाही. बघत उभी राहिले. ऊद उडून गेला होता. नवा वास आणि त्याच्याखालचा जुना, दोन्ही वर आले. यांनी माझ्याकडे बघितलं आणि डावा हात मागे घेतला, छातीशी धरला.

मी मारेन म्हणून.

४ सप्टेंबर

कपिलला फोन केला. म्हटलं, घरात वास येतो. म्हणाला, ‘परवा तर नव्हता.’ म्हटलं, होता. मी झाकला होता. मला होत नाही रे. ये.