डायरेक्ट केलेली माळ

१० ऑक्टोबर, शेलूबाजार

आलो एकदाचे. टेम्पोत सामान, सामानावर स्नेहा आणि स्नेहाच्या मांडीवर कुकर, अशी आमची वरात कामरगावहून निघून दुपारी इथल्या दारात उतरली. इथल्या उपकेंद्रात मी नवी नर्स. उदयसिंग सुरतेला ट्रकवर, त्यामुळे घर लावायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याच गळ्यात. पण घर छान आहे. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे ओटा. घरमालकीण सोजरबाई भिंतीपलीकडेच राहतात. त्यांनी आल्याआल्या चहा पाजला आणि नवरा, माहेर, दुखणी सगळं विचारून घेतलं. मला अशी माणसं आवडतात.

आतल्या दारावर आधीच्या भाडेकरूंची लायटिंगची माळ राहिली आहे. टपोरे दहा बल्ब आणि खाली काळा अडॅप्टर. लावून पाहिली तर मेलेली. पाच वर्षांच्या बाईसाहेबांनी लगेच फर्मान काढलं, दिवाळीला हीच माळ पेटली पाहिजे. नवी आणू म्हटलं तर नाक फुगलं. बरं बाई, दुरुस्त करू.

१२ ऑक्टोबर

रविवार. बाजारात फुलचंदचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे, तिथं शिकवणी झाली. दहाही बल्ब एकाच ओळीत, एक गेला की सगळे विझतात. त्याचं म्हणणं, "मेलेला बल्ब हुडका, तोडून फेका, दोन टोकं जोडा. डायरेक्ट. त्यात काय हाये?" फक्त दोन-तीनच्या वर डायरेक्ट करायचे नाहीत, कारण गेलेल्याचा भार उरलेल्यांवर पडतो आणि तेही जळतात. वायर सोलायला तो दातच वापरतो. इथं सगळेच तसं करतात म्हणे.

तान्ह्या बाळाच्या हातातली शीर शोधणारी बाई मी, वायरीला काय घाबरणार? तरी दीड तास गेला. वायरीचा तुकडा घेऊन एकेका बल्बाची दोन्ही टोकं जोडून पाहिली. सातव्याला बाकीचे नऊ लखकन पेटले. मी एक टोक दातांनी सोललं, तर माझं बघून स्नेहानं दुसरं सोललं आणि ओठ कापून घेतला. वायरीच्या उघड्या तांब्यावर रक्ताचा थेंब पडला. मी तिचा ओठ पुसला, तांबं पुसायचं राहिलं. तसंच पिळलं आणि वर टेप गुंडाळली. "याडी, मी पेटवली," म्हणून ती नाचत होती. आमच्या तांड्याच्या बोलीत आईला याडी म्हणतात. आता माळ दिवसासुद्धा विझवू देत नाही.

१४ ऑक्टोबर

संध्याकाळी घरी आले तर माळ विझलेली, तिसरा बल्ब काळा. स्नेहा चटईवर गाढ झोपली होती. दहा मिनिटांत डायरेक्ट केला. मी आता मेकॅनिक झाले आहे, पाटी लावायची तेवढी राहिली. माळ लागली आणि बाईसाहेबही उठल्या.

जेवताना मात्र तिनं अख्खा ठेचा भाकरीशी खाल्ला, पाण्याचा घोटही न घेता. एरवी मिरचीचा वास आला तरी ही रडते. तिखट लागत नाही का, तर म्हणाली काहीच लागत नाही. तोंड तपासलं, जीभ चांगली आहे.

१५ ऑक्टोबर

आणखी एक बल्ब गेला. डायरेक्ट केला. सात उरले.

भाकरी टाकत होते. स्नेहानं तापल्या तव्यावर तळहात ठेवला आणि त्याच्याकडे नुसती बघत राहिली. मी ओढला तेव्हा फोड आले होते. ती रडली नाही. मी नर्स आहे, मूल रडत नाही तेव्हा मला भीती वाटते. तशीच वाशिमला नेली. डॉक्टरांनी पट्टी बांधली, सगळं तपासलं, म्हणाले मुलगी ठणठणीत आहे.

१६ ऑक्टोबर

चार वाजता लाइट गेली. स्नेहा ओट्यावर लंगडी खेळत होती, ती उभ्या जागी खाली बसली. डोळे अर्धे उघडे, हात गार, नाडी चाळीस. मी सोजरबाईंना हाका मारल्या, तिला छातीशी धरून बसले. अर्ध्या तासानं लाइट आली आणि ही उठून चप्पल शोधायला लागली.

मनात आलंय ते लिहायला मन धजत नाही. तरी लिहिते. एक बल्ब जातो तेव्हा तिच्यातलं एक काहीतरी जातं. आणि माळच विझली तर ती—

१७ ऑक्टोबर, वसुबारस

रजा टाकली. आज गेला त्याच्या जागी नवा बल्ब बसवला. लागेना. चार बदलून पाहिले. तेवढा वेळ स्नेहा चटईवर गार पडलेली. शेवटी डायरेक्टच केला. सहा. फुलचंद म्हणाला, उरलेले जास्तच पेटून राह्यले, टिकायचे नाहीत, माळ फेकून द्या ताई. मी त्याची कॉलर धरणार होते.

उदयसिंगचा व्हिडिओ कॉल आला. बापाकडे बघून स्नेहानं मला हळूच विचारलं, हे काका कोण. तो हसला, त्याला वाटलं पोरगी चिडवते. मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

१८ ऑक्टोबर

चार.

सोजरबाई शेवटी बोलल्या. माळ ज्योत्स्नाची, आधीच्या भाडेकरणीची. तीही दिवसभर पकड आणि टेप घेऊन दारात बसायची. "पोरगं आता धडधाकट हाये, मालेगावले, मामाजवळ. पण माय कोनालेच वळखत नाही वं. पोराले बी नाही. मनगटावर दोन काळे डाग, बस." पहिल्याच दिवशी काहून नाही सांगितलं म्हणून मी भांडले.

१९ ऑक्टोबर

तीन. इतके प्रखर, की बघवत नाही. स्नेहा बोलत नाही. हाक मारली की दाराकडे बघते, माझ्याकडे नाही.

ज्योत्स्नानं काय केलं ते कळलंय मला. टोकं जोडलीच नाहीत तिनं. मध्ये स्वतः—

२० ऑक्टोबर, दिवाळी

पाच वाजता एक गेला. दोन राहिले. आता डायरेक्ट केलं तर दोन्ही एका क्षणात जळतील. कोणीतरी भार घ्यायला हवा.

स्नेहाचा श्वास चालू आहे. हळू. फार हळू.

दोन्ही टोकं दातांनी सोलली, ओठातून रक्त येईपर्यंत. एक टोक मनगटाला बांधलंय. दुसरं बांधायच्या आधी लिहिते. रंजीता, हे रोज वाच. तुला मुलगी आहे. स्नेहा. पाच वर्षांची. हनुवटीवर व्रण आहे, कामरगावला पायरीवरून पडली होती. वांगं खात नाही. झोपताना तुझा कान धरते. ती तुझी आहे. विसरलीस तरी तुझीच आहे.

मला भीती वाटते. फार वाटते.

बांधलं. मुंग्या— हात जड—

दोन्ही लागले. मंद, नव्यासारखे.

डोळे उघडले तिनं. रडते आहे. हात दुखतो म्हणते. दुखतो म्हणाली. देवा, दुखतो म्हणा—

२१

डाव्या मनगटाला वायर आहे. सोडायची नाही, एवढं ठाऊक आहे.

एका मुलीनं ही वही हातात दिली. वाच म्हणते. वाचली. कोणा रंजीताची आहे. अक्षर चांगलं आहे.

मुलीचा हात भाजलाय. पट्टी बदलली, ते मला येतं. हनुवटीवर व्रण आहे. याडी याडी करते सारखी. बाजारात चुकली असेल. शेजारच्या बाईंना विचारलं, ही कोणाची. त्या रडायला लागल्या.

कान धरून झोपली आत्ता. माझाच. हलता येत नाही.

हिच्या आईला कोणीतरी कळवा. जीव टांगणीला लागला असेल तिचा. पोरगी इथं सुखरूप आहे, जेवली आहे, आणि तिचं नाव—