घशाचे तीन मजले

३ एप्रिल, चिंचपोकळी
सुट्टीवर घरी. आता मस्कतला परत जायचं ते गच्चीवर एसीचे पाइप जोडायला नाही. खाली शोरूममध्ये, काउंटरवर. गिऱ्हाइकाशी अरबी बोलायचं, बस. महिनाअखेर मॅनेजर फोनवर इंटरव्ह्यू घेणार. चार उन्हाळे त्या गच्चीवर काढले, दुपारी पाना हातात धरवत नाही. पाचवा काढणार नाही. आईला आणि चाळीत सांगून टाकलं, काउंटर मिळाला म्हणून. मिळणारच आहे, मग उशीर कशाला.

५ एप्रिल
व्हिडिओ बघितला. अरबीची गोम सापडली. सगळा खेळ घशाचा. घशाला तीन मजले. तळाला ह, मधे ऐन नावाचं त्यांचं अक्षर, वरती ख. म्हणजे पाइपलाइनच की. वॉल्व्ह कुठे आवळायचा एवढंच. शाळा आठवीत सुटली म्हणून काय झालं, पाइप मला कळतो. तिकडचा माझा रूममेट सुशांत टॅक्सीवाल्यांशी, भाजीवाल्यांशी मिळेल तसं अरबी फेकतो. पाया शून्य. त्यानेही काउंटरसाठी नाव दिलंय. हसू आलं.

८ एप्रिल, सकाळी
गॅलरीत आरसा, मोबाइलचा टॉर्च, तोंड उघडं. पडजीभ दिसली. क़ाफ, म्हणजे त्यांचा खोल क, तिथून काढायचा. शेजारचे रमाकांतकाका ब्रश करत होते. म्हणाले, सकाळी सकाळी ओकाऱ्या कसल्या काढतोस, कावीळबिवीळ नाही ना? समजावलं. तर म्हणे आपली वर्णमालापण अशीच लावलीय, क-ख कंठातून, प-फ ओठांतून, शाळेतच शिकवतात. मला नाही कोणी शिकवलं. मास्तरांनी नीट सांगितलं असतं तर आज कुठे असतो.

११ एप्रिल
आई म्हणाली, "घशाक काय झालां रे तुझ्या?" आणि हळदीचं दूध दिलं. कफाने मधला मजला जाम. अख्खा दिवस फुकट. घरच्यांमुळेच माणूस मागे राहतो. उद्यापासून दूध बंद, पहाटे पाचला प्रॅक्टिस.

१२ एप्रिल
साडेनऊला उठलो. घशाला आराम पण लागतो.

१६ एप्रिल
माहीमला एक मास्तर अरबी शिकवतात, त्यांच्याकडे गेलो. ऐन काढून दाखवला. मास्तरांनी मान डोलावली. मग म्हणाले, "बढ़िया. अब कुछ बोलो." मी परत ऐन काढला. म्हणाले रोज थोडे थोडे शब्द शिक, आवाज मागून येईल. उलटं सांगतात. शिकवणी लांबवायची असणार. परत जाणार नाही.

२२ एप्रिल
बहीण अनुजाने विचारलं, दादा, एसी बिघडलाय हे अरबीत कसं म्हणतात? म्हटलं आधी आवाज, आवाज बसला की शब्द आपोआप बसतात. "म्हणजे येत नाही," म्हणाली. ऑफिसला जायला लागल्यापासून जास्तच बोलते.

२७ एप्रिल
इंटरव्ह्यू झाला. एकदम कडक. मॅनेजर भराभर बोलायचा आणि थांबायचा. तो थांबला की मी "नअम", म्हणजे हो. त्यातला ऐन दरवेळी मधल्या मजल्यावरून, वॉल्व्ह बरोबर अर्धा आवळून. त्याचा ह पण ऐकण्यासारखा होता. काय बोलला ते तितकंसं कळलं नाही, पण शेवटी खूश होऊन हसला. मीही हसलो.

२९ एप्रिल
सुशांतचा व्हॉइस मेसेज. काउंटर त्याला. मॅनेजरने मला विचारलं होतं म्हणे, नवीन टॉवरचं काम आहे, माणसं कमी आहेत, हा उन्हाळा गच्चीवरच काढशील? हो म्हणालो. पुढचा पण? हो. काउंटर सुशांतला दिला तर चालेल? त्यालाही हो. सुशांत म्हणतो, "भावा, एवढं मनापासून हो कशाला म्हणालास?"
मॅनेजर त्याला म्हणाला, या पोराचा ऐन अस्सल ओमानी आहे. सुशांतला असं कोणी म्हटलंय का कधी?

४ मे
आज निघायचं. आईने काउंटरवर घालायला पांढरा शर्ट आणलाय. विचारत होती, इस्त्री करून बॅगेत अगदी वर ठेवू का, पोचल्या पोचल्या घालता येईल.
ठेव म्हणालो.