नुसता ऐकलेला सिनेमा

ता. ४ मार्च

कानसेन हिला लवंगीचे अ. उ. आ.

नमस्कार घालत नाही, कारण मी तुझ्याहून दोन महिन्यांनी मोठी आहे आणि ते तू सोयीनं विसरतेस. इकडे सर्व ठीक. गुडघे कुरकुरतात, सूनबाई कुरकुरत नाही, म्हणजे एकूण बरं चाललंय.

सोबत सिनेमाची चकती आहे. शिवणकाम करणाऱ्या बाईचा सिनेमा. त्यातला आवाज आपल्या नातीनं केलाय. आवाज म्हणजे गाणं नव्हे. दार, पाऊल, भांडं, मशीन, सगळं ती वेगवेगळं टिपते आणि चित्राला जोडते. मलाही हे समजायला सहा महिने लागले.

पण बघून आलेला जो तो चित्राचं कौतुक करतो, आवाजाबद्दल चकार शब्द नाही. पोरगी हिरमुसलीय. तिच्या बापानं ओळखीच्या कचेरीत टेबलखुर्ची बघून ठेवलीय, पंधरा मेपासून जायचं. ती हो म्हणण्याच्या बेतात आहे. मी चौथी पास, सिनेमात बायकांच्या कपड्यांची शिवण तेवढी बघते. तिचं काम चांगलं की बरं, मला काय कळणार? तू मात्र आपल्या शिवणाच्या कारखान्यात पाठमोरी बसून सांगायचीस, चाळीस मशीनांत कुठल्या मशीनची सुई बोथट झालीय. तेव्हा बघ आणि खरं काय ते लिही. गोड लिहिलंस तर लगेच कळेल, ते तुला जमत नाही.

लोभ आहेच, तो वापरात ठेव.

लवंगी


ता. २५ मार्च

ती. लवंगीबाईंना शि. सा. न. वि. वि.

घे, घातला नमस्कार.

चकती पोचली, सिनेमा नाही पोचला. यंत्रात घातली की ते दोनदा गुरगुरतं आणि चकती बाहेर ढकलतं. लेक म्हणते, एकेका मुलखाच्या चकत्यांना वेगळं कुलूप असतं, तुमच्याकडची इकडच्या यंत्रात चालायची नाही. माझ्यासारखी म्हातारी इथं येऊन राहिली ते चाललं, चकतीला मात्र मज्जाव. जावईबापूंनी ती पुसली, फुंकली, उलटी घातली. एवढा शिकलेला माणूस, पण शेवटी फुंकरीवरच आला.

मे काही लांब नाही. काहीतरी कर बाई.

राग नसावा. लोभ असेल तेवढा पुरे.

कानसेन


ता. ३ एप्रिल

कानसेन हिला अ. उ. आ.

तुमचं यंत्र नाठाळ तर आमचं घे. घरचं यंत्रच पार्सलनं पाठवलंय, उशीच्या दोन अभ्र्यांत गुंडाळून. अभ्रे ठेवून घे, शिवण माझी आहे.

नातीला यातलं काही सांगितलेलं नाही. ती दुसरी चकती करून देईलही, पण आजी कौल मागतेय हे तिला कळेल, आणि मग तुझ्या खऱ्यालाही ती लाडच समजेल. लेकानं रिकामी जागा बघून विचारलं, तेव्हा दुरुस्तीला दिलंय म्हणाले. सूनबाईला सगळं ठाऊक आहे, ती तोंड फिरवून हसली.

उत्तराला उशीर केलास तर लोभ आटेल.

लवंगी


ता. २८ एप्रिल

ती. लवंगीबाईंना शि. सा. न. वि. वि.

यंत्र सुखरूप. त्याची पिन इथल्या भिंतीत जाईना, जावईबापूंनी ती बदलली. मग चकती फिरली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. पण इथल्या टीव्हीला तुमचं चित्र मानवेना. रंग गेला आणि चित्र ताग्यावरून कापड ओढावं तसं वर वर सरकत राहिलं. लेक म्हणाली, बंद करू या. मी म्हटलं, आवाज येतोय ना, मग टीव्हीकडे पाठ करून बसते.

दोन वेळा ऐकला. आता खरं लिहिते. ती शिवणारी बाई एका पायानं अधू आहे, जिन्यावरच्या पावलांवरून कळलं. तिचं घर दोन दारांचं, मागचं दार फुगलेलं. नवरा घरात असला की ती पातेलं जपून टेकवते, नसला की आपटते. हे कुणी बोलून दाखवत नाही, तरी मला कळलं. मी टीव्हीकडे एकदाही वळले नाही ग. लेकीनं सरकत्या चित्रात डोळे फोडून बघितलं आणि म्हणाली, सगळं बरोबर आहे.

एक खोट आहे. नवरा गेल्यावर ती एकटी बसून बराच वेळ शिवते, तिथं मशीनखाली कापड नाही. कापड असलं की आवाज दबका येतो. इथं कापड सरकवणारे दात वरच्या पट्टीला घासतायत. पोरीला विचार. रागावली तर माझ्यावर रागाव म्हणावं.

लोभ पोरीकडे वळवावा.

कानसेन


ता. ९ मे

कानसेन हिला या वेळी सा. न. वि. वि. मोठेपण बाजूला ठेवलंय.

तुझं पत्र नातीच्या हातात दिलं. पातेल्यापाशी ती थांबली आणि ते तिनं पुन्हा वाचलं. मशीनपाशी आली तेव्हा मला वाटलं, आता रडणार. तर पोरगी खो खो हसत सुटली. म्हणाली, आजी, मी पकडले गेले. त्या दिवशी कापड संपलं होतं, उजेड चालला होता, तिनं मशीन तशीच चालवून टिपलं. इतक्या जणांनी सिनेमा पाहिला, कुणाला पत्ता लागला नाही. वर्षभर तिला तेवढंच डाचत होतं. तुझी स्तुती बाजूला राहिली, ती चूकच तिनं मैत्रिणींना फोन करून करून सांगितली.

संध्याकाळी बापाला म्हणाली, कचेरीत जाणार नाही. तो तणतणत माझ्याकडे आला. जे काम कुणाच्या ध्यानातही येत नाही ते करून काय मिळणार, असं त्याचं म्हणणं. मी त्याला पत्र वाचून दाखवलं आणि सांगितलं, चित्राकडे पाठ करून बसलेल्या बाईनं समुद्रापलीकडून तुझ्या पोरीची चोरी पकडली. ज्या कामात चोरी पकडता येते ते काम खरं असतं. तुझ्या कचेरीत पकडता येते का बघ.

 रात्री जेवताना तो डोळे मिटून बसला होता. सूनबाईनं विचारलं, बरं वाटत नाही का? म्हणाला, गप्प बस, ऐकतोय.

कळावे. लोभ मागत नाही, हक्कानं घेते.

लवंगी