स्प्रिंगच्या तारेचा हार

३ नोव्हेंबर, सोमवार

आजचा हिशेब. साखळी झाली करंगळीएवढी. त्यापायी गेलं ते असं: उजव्या अंगठ्याचं अर्धं नख, चष्म्याची एक दांडी, दुपारची झोप, आणि बायकोशी दोनदा वाद. तार मात्र फुकट. कारखाना विकला तेव्हा निकेलचं पाणी चढवलेल्या स्प्रिंगच्या तारेचं एक भेंडोळं घरी आणलं होतं. ही तेव्हा म्हणाली होती, आता हे काय उशाला घेऊन झोपणार का? आता कळेल तिला.

मोबाईलवर एक बाई दिसली. पूर्वीचे लढवय्ये लोखंडी कड्या एकमेकींत अडकवून चिलखत करायचे, तसंच विणून ही बाई नाजूक हार करते. एका कडीत चार कड्या. आणि कड्या कशा करते? सळईवर तार गुंडाळायची आणि कापायची. म्हणजे स्प्रिंगच की! मी आयुष्यभर दुसरं काय केलं? फक्त कापली नाही. एका भाड्याच्या खोलीत, एका हातमशीनवर सुरुवात करून पलंगापासून पेनापर्यंत लोकांना स्प्रिंगा पुरवल्या. हार म्हणजे डाव्या हाताचा मळ.

हार भिंगरीसाठी. भिंगरी म्हणजे आमची लेक, एकुलती एक. लग्न रजिस्टर करून मोकळी झाली, आता तीस तारखेला एका हॉलमध्ये जेवण आहे. मी जाणार नाही. हार जाईल. यात राग वगैरे नाही. राग असता तर इतकं बारीक काम केलं असतं का?

हिने भेंडोळ्याकडे बघून विचारलं, भिंगरीसाठी का? मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. म्हणाली, अहो, पण ही तार तिला... मी म्हटलं, तारेतलं तू मला सांगू नकोस. विषय संपला.

४ नोव्हेंबर

सकाळी बघतो तर साखळीच्या कड्या आ वासून पडलेल्या. कापलेली स्प्रिंग झाली तरी ती स्प्रिंगच. वाकवली की परत येते. याला मी दोष म्हणणार नाही, हा मालाचा गुण आहे. मोबाईलवाली बाई मऊ तार वापरते, म्हणून तिचं काम सोपं. आपण सोप्याच्या वाटेला गेलो असतो तर आज दुसऱ्याकडे नोकरीला असतो.

उपाय सापडला. कडी हवी त्याहून थोडी जास्त वाकवायची, मग ती परत येऊन बरोबर जागेवर थांबते. माणसांचंही असंच असतं. लिहून ठेवण्यासारखं वाक्य आहे.

६ नोव्हेंबर, दुपार

फक्त दोन ओळी झाल्या. मन लागलं नाही. जेवण जड झालं असावं.

रोजनिशीत खरं लिहावं. दोन वर्षांपूर्वी भिंगरी म्हणाली, लग्न करीन तर त्या फोटोवाल्याशीच. तो लोकांच्या लग्नात फोटो काढतो. मी आरडाओरडा केला नाही. एकच वाक्य बोललो: ज्या कारखान्याच्या जिवावर वाढलीस त्याची पायरी चढायची तुला लाज वाटायची, आता या घराची नाही चढलीस तरी चालेल. वाक्य चांगलं होतं. एक शब्द जास्त नव्हता. ती बॅग घेऊन गेली.

आणि खोटं काय होतं त्यात? कामगारांची पोरं कारखान्यात खेळायची, कड्यांच्या माळा करून गळ्यात घालायची. माझी लेक फाटकाशी उभी राहून हाक मारायची, बाबा, डबा! डबा तिथल्याच स्टुलावर ठेवायची आणि पळ. लहानपणी एकदा आली, पुन्हा कधी उंबरा ओलांडला नाही. लेथ मशीनवरचा कामगार एकदा दुसऱ्याला म्हणाला, मालकांच्या पोरीला तेलाचा वास सोसत नाही. मशिनी चालू होत्या, तरी मी ऐकलं. सगळं ऐकलं.

पण माझी स्प्रिंग दाबली की परत येते. भिंगरीला थोडा वेळ लागतोय इतकंच.

९ नोव्हेंबर, रविवार

कुलूपवाला मित्र आला होता. त्याचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी. साखळी हातात घेऊन, वजन करून म्हणाला, कुत्रा कधी आणलास? मी चहा सांगितला होता, तो रद्द करणार होतो. हार आहे, लेकीसाठी, असं सांगितलं. मग त्याने साखळी हलकेच खाली ठेवली. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, तीसला जातोयस ना? मी म्हटलं, काम आहे. तो म्हणाला, कसलं काम, कारखाना तर विकलास. जाता जाता जिन्यातून म्हणाला, लेका, तुझ्याकडे नुसतं कुलूपच आहे, किल्ली बनवायचीच राहून गेली.

आपापल्या धंद्याची उपमा दिली म्हणजे माणूस शहाणा होत नाही.

१२ नोव्हेंबर

आज काम छान. गुपित कानात आहे. कडी नीट मिटली की टोकाला टोक घासून बारीक ‘टिक’ होतं. ते ऐकू आलं की कडी पक्की. मोबाईलवाली बाई डोळ्यांनी बघते, मी कानांनी बघतो. कारखान्यात सगळ्या मशिनी चालू असताना कुठली बिघडतेय ते ऑफिसात बसून सांगायचो. घरातही तेच. या घरात बोललेला एक शब्द माझ्या कानातून सुटत नाही. पैजेवर सांगतो.

आत्ताही, ही स्वयंपाकघरात नळ सोडून फोनवर भिंगरीशी बोलत होती, तर मला नळासकट सगळं ऐकू आलं. “नाही गं, ते नाही यायचे... गळ्यातलं करतायत काहीतरी तुझ्यासाठी... हो, त्याच तारेचं... नको, तू नको बोलूस, मी बघते.” म्हणजे तिकडे कौतुक पोचलंय. त्याच तारेचं म्हटल्यावर पोरीला गहिवरून आलं असणार.

ही बाहेर आली, हात पुसत समोर बसली. म्हणाली, जरा ऐकता का? मी म्हटलं, सगळं ऐकलंय, सांगायची गरज नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि उठून गेली. इतक्या वर्षांच्या संसारात शब्द लागत नाहीत, ते असं.

१७ नोव्हेंबर

घात झाला. मध्यावर एका कडीत चारऐवजी तीनच अडकवल्या होत्या. तिथून पुढे सगळं विणकाम तिरकं. अर्धा हार उसवला. दोष उजेडाचा. शिवाय खुर्ची डुगडुगते. शिवाय शेजारच्यांचा टीव्ही.

निश्चय: उद्यापासून पहाटे पाचला उठून काम. हात तेव्हा ताजे असतात.

१८ नोव्हेंबर

आठला उठलो. उशी बदलली पाहिजे.

२१ नोव्हेंबर

कटरने कापलेल्या कड्यांना धार राहते. आज प्रत्येक कडी कानसून घेतली. बोटांना चिरा पडल्या आहेत, चहाचा कप धरवत नाही. हिने न सांगता मलम लावलं. लावताना म्हणाली, इतकं करता त्यापेक्षा एक फोन केला असता. मी म्हटलं, फोन काय, कोणीही करतं.

दुपारी फोन हातात घेतला होता. चार्जिंग कमी होतं, म्हणून ठेवला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ही मखमलीची एक पट्टी घेऊन आली. म्हणाली, हाराला आतून शिवू का? अंगाला धातू लागायला नको. मी म्हटलं, हार आहे, बूट नव्हे, अस्तर कशाला? कड्या झाकल्या तर बापाने काय केलं ते दिसणार कसं? ती म्हणाली, दिसण्यापेक्षा... आणि थांबली. मी म्हटलं, बोल की. म्हणाली, बोलून काय उपयोग आहे का? बायकांना मधेच वाक्य सोडायची सवय असते.

पट्टी टेबलावर ठेवून गेली. मी ती पट्टी पक्कड पुसायला घेतली. चांगली आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

झाला! कुलूपवाल्याने हार अडकवायला एक छोटा आकडा आणून दिला, पैसे घेतले नाहीत, टोमणाही मारला नाही. म्हणजे काम खरंच चांगलं झालंय.

हार उजेडात धरला तर मासोळीसारखा चमकतो. वजन आहे, पण वजन असावंच. आरशासमोर स्वतःच्या गळ्यात घालून बघितला. तेवढ्यात ही आली. म्हटलं, माप घेत होतो. हसली नाही. मग म्हणाली, छान झालाय हो, खरंच.

माझा निर्णय पक्का आहे. जाणार नाही. पांढरा शर्ट इस्त्रीला टाकला. शर्ट अधूनमधून इस्त्री करावेत.

३० नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी घरी आल्यावर

सविस्तर लिहितो.

हिला रिक्षा मिळाली नसती म्हणून फक्त गाडीने सोडायला गेलो. फाटकाशी उतरवणार होतो, पण तिथे गाडी थांबवू देत नव्हते, म्हणून पार्किंगमध्ये नेली. पार्किंगमध्ये फार गरम होत होतं, म्हणून उतरलो. हाराची डबी हिच्या पर्समध्ये मावेना, म्हणून ती धरायला वरपर्यंत गेलो. दारातच फोटोवाला. वाकून नमस्कार करून म्हणाला, बाबा, आत या ना. दारात उभं राहून वाद घालणं बरं दिसत नाही.

भिंगरी बारीक झालीय.  मी डबी पुढे केली. तिने उघडली, हार बघितला, मग एकदा आईकडे बघितलं. ही पुढे होऊन काही म्हणणार होती, पण भिंगरीने हात वर करून तिला थांबवलं. मला म्हणाली, बाबा, तुम्ही केलात? मी म्हटलं, स्प्रिंगच आहे, कापलेली. ती म्हणाली, घाला ना मग. मी पाठीमागून आकडा लावला. तो लागल्याचा आवाज आला. हॉलमध्ये एवढा गोंगाट, पण मला आला.

सबंध जेवणभर हार गळ्यात! पोरीने क्षणभरही काढला नाही. तिच्या मैत्रिणीने दोनदा कानात काहीतरी विचारलं, तिने मान हलवली. अधूनमधून हाराखाली बोट घालत होती, सारखी चाचपून बघत होती, आहे ना म्हणून. एकही कडी उघडली नाही. फोटोवाल्याने आमचा तिघांचा फोटो काढला, मग कॅमेरा मित्राला देऊन स्वतः माझ्या शेजारी उभा राहिला. मुलगा वाईट नाही. खांद्यावर हात ठेवताना आधी विचारतो.

मी पाच मिनिटं थांबणार होतो. मग म्हटलं, आलोच आहे तर थांबू. खुर्च्या उचलायला लागले तरी थांबलो. पाहुणे केव्हाच गेले होते, बाप होता. कुलूपवाल्याला उद्या सांगायला हवं: दोन वर्षं दाबलेली स्प्रिंग, आज परत आली.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी भिंगरीचा फोन. ही आतल्या खोलीत बोलत होती. मला ऐकू येतच होतं. “रात्री झोपलीस का?... डोळ्यांपर्यंत सूज आलीय? मग आधी डॉक्टरांकडे जा... नाही सांगत त्यांना.”

आत जाऊन विचारलं, काय नाही सांगत?

हिने फोन ठेवला. आवाज चढवला नाही. म्हणाली, तिला निकेल चालत नाही. चौथीत होती तेव्हा तुमच्या कारखान्यात दिवसभर तारेशी खेळली आणि कोपरापर्यंत हात फुलले. डॉक्टर म्हणाले, पुन्हा तिथे पाठवू नका. म्हणून फाटकाशी उभी राहायची. मी विचारलं, मग मला कुणी सांगितलं का नाही? ही म्हणाली, त्याच दिवशी सांगितलं. तुम्ही पेपर वाचत होतात. हं म्हणालात. नंतरही सांगितलं. ती गेली त्या दिवशीही जिन्यात सांगितलं. या महिन्यात तर रोज सांगतेय.

मी म्हटलं, मग काल घातला कशाला? काढून ठेवायचा होता.

म्हणाली, मी तेच सांगत होते तिला. ती म्हणाली, बाबा आहेत तोवर राहू दे, ते गेले की काढते.

काल हॉलमधून सगळ्यांत शेवटी मी निघालो.