आडवी होऊन मिळणारी बढती

आदरणीय भाऊजी,

नमस्कार. गुडघा कसा आहे? पट्टा बांधताय ना, की ताईची पाठ वळली की काढून ठेवताय? (हे मला कुणी कळवलं ते सांगणार नाही, तसं मी ताईला वचन दिलंय.) रक्तदाब, चष्म्याचा नवा नंबर, बाल्कनीतली मिरचीची कुंडी, सगळं ठीक असेल असं धरून चालते, कारण माझ्या पोटात बातमी मावत नाहीये. भाऊजी, माझं करिअर धावायला लागलंय! वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी! मला चपला घालायलासुद्धा वेळ देत नाहीये.

गादीच्या कारखान्यात मला तात्पुरतं काम लागलं हे तुम्हाला ठाऊक आहे. पण मी तिथे नेमकं काय करते ते कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण तुम्ही सगळे वर्षभर हसला असता. मी तपासणी विभागात आहे. शिवून आलेली गादी चौथऱ्यावर टाकतात, मी तिच्यावर आडवी होते, चार मिनिटं उताणी, दोन डाव्या कुशीवर, दोन उजव्या, आणि उठून रजिस्टरमध्ये शेरा लिहिते : ‘डाव्या खांद्याखाली स्प्रिंग लागते’, ‘कमरेशी खड्डा’, ‘उत्तम’. नियम एकच, डोळा लागता कामा नये. भिंतीवर तसा फलकच होता (माझ्या आधीची बाई त्या फलकाखालीच घोरताना सापडली म्हणून तर मला जागा मिळाली).

तर मागच्या महिन्यात एका बड्या हॉटेलच्या खरेदी अधिकारी बाई आल्या. मालक त्यांना घेऊन आमच्या खोलीत शिरले तेव्हा मी डाव्या कुशीवर गाढ झोपले होते. जेवणानंतरची वेळ, त्यात गादी खरोखरच चांगली, माणसाने करावं तरी काय? मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. ते मला हलवायला पुढे झाले, तर बाईंनी त्यांना अडवलं, माझ्या कानाशी टाळी वाजवून पाहिली, खुर्ची मागवून दहा मिनिटं समोर बसल्या, आणि दोनशे चाळीस गाद्यांची ऑर्डर देऊन गेल्या. हे सगळं मला नंतर शिवणवालीने सांगितलं (ही माझी तिथली मैत्रीण, गाद्यांच्या कडा शिवते). मी स्वतः हजर असून मला काही म्हणता काही दिसलं नाही. नोकरी गेली असं समजून मी डबा पिशवीत भरत होते, तोच मालकांनी बोलावलं आणि माझ्याच हातून तो फलक उतरवून घेतला.

आता खरी गोष्ट ऐका. पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला अकरा हॉटेलांचे मालक येणार आहेत. आमच्या मालकांनी त्यांना छातीठोकपणे कळवून टाकलंय की आमच्या बाई आमच्या गादीवर सात मिनिटांत झोपतात. झोपले, तर मी तपासणीप्रमुख, कायमची, टेबल-खुर्चीसकट. नाही झोपले, तर माझी मुदत त्याच आठवड्यात संपते, आणि या वयात मला दुसरीकडे कोण आडवं होऊ देणार? मालक मला म्हणाले, तुमच्या कामाला आता वेग आलाय, तो सोडू नका. मी कशाला सोडतेय! मी दुसऱ्या दिवसापासून तासभर आधी जायला लागले. रजिस्टरला तीन नवे रकाने पाडले. कूस बदलण्याची वेगळी चाचणी काढली. उशा विभाग सुरू करावा म्हणून अर्ज दिला, तो वाचून व्हायच्या आत दुसरा दिला. शिवणवाली म्हणाली, अगं, जरा दमाने घे. पण लोखंड तापलेलं असताना दमाने कोण घेतं?

इथेच घोडं अडलं. उत्साहाच्या भरात माझी झोपच उडाली आहे, भाऊजी. गेले नऊ दिवस डोळ्याला डोळा नाही. परवा रंगीत तालीम झाली. मालक घड्याळ घेऊन उभे, सगळा कारखाना श्वास रोखून उभा, आणि मी सातव्या मिनिटाला ताडकन उठून त्यांना गादीच्या हँडलची नवी कल्पना सांगितली. (कल्पना चांगली होती. त्यांनी ऐकून घेतली नाही.) गरम दूध झालं, पायाला तेल झालं, छताच्या पत्र्याचे खिळे मोजून झाले, एकशे बारा आहेत. झोपेचं सोंग घ्यावं असंही मालकांचं सुचवून झालं, पण मी साफ नाही म्हणाले. अकरा महिन्यांत मी एका गादीवर खोटा शेरा मारलेला नाही, तो काय आता अकरा हॉटेलांसमोर मारू? मला ही जागा हवी आहे, भाऊजी. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट मला इतरांपेक्षा बरी येते असं कुणीतरी म्हणालंय.

असो. ताईला माझी आठवण सांगा, गुडघ्याला जपा, पट्टा बांधा.

तुमची मेहुणी,
धाकटी

ता. क. : एक छोटीशी विनंती आहे. तुम्ही दर वेळी जेवणं आटोपल्यावर ‘मी कारकुनाचा विभागप्रमुख कसा झालो’ ते आम्हाला सांगता, ते ताईच्या फोनवर रेकॉर्ड करून तेवढं पाठवाल का? वीस मिनिटं पुरे. नेहमीच्याच सावकाश लयीत सांगा आणि बदल्यांच्या तारखा अजिबात गाळू नका. कानात लावून तीन तारखेला आडवी होईन म्हणते.

ता. क. दुसरा : गैरसमज नको. मी आधी ताईलाच विचारलं होतं की उपाय लागू पडेल का. ती म्हणाली, “एकतीस वर्षांत मला कधी झोपेची गोळी लागली नाही.”

ता. क. तिसरा : मी कायम झाले की रजा काढून येते. मग मला खुर्चीत ताठ बसवा, हातात कडक चहा द्या आणि तुमची दुसरी बढती कशी झाली ते सांगा. मला खरंच ऐकायचंय. तिथपर्यंत मी आजवर कधी पोचलेच नाही.