शेडमधल्या यंत्राची सोय

मी, इमोजीन रूथ प्रूइट, कै. कॅल्विन प्रूइट यांची पत्नी, वय वर्षे एकोणऐंशी, पूर्वी उष्णता-अभियंता, सध्या टोमॅटो लावते, राहणार हंट्सव्हिल, अलाबामा, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसे लेखी दिले आहे. हृदयाबद्दल मात्र त्यांना तशी खात्री देता आली नाही, म्हणून हा खटाटोप. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. याआधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर, आतल्या सामानासह, माझी एकुलती मुलगी मार्लिस हिला. स्वयंपाकघराचे छप्पर गळते. तिला ते माहीत आहे, कारण दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती नेमकी त्या गळतीखालच्या खुर्चीवर बसते आणि दर वेळी मला ऐकवते.

२. बँकेतल्या शिलकीतून आधी माझा अंत्यविधी करावा, उरेल ते मार्लिसला. अंत्यविधीनंतरच्या जेवणात चर्चच्या बायकांचे जेलीचे सॅलड असू नये. जन्मभर ते खाऊन 'वा, छान' म्हटले, आता पुरे.

३. लेथ, टॉर्क पाने आणि हेलियमने गळती शोधायचे उपकरण गावच्या तंत्रशाळेला. अर्ध्या इंचाचा पाना पेटीत नसेल. तो माझा जुना भागीदार लेम्युएल टारंट याच्याकडे आहे, आणि विचारले तर तो नाही म्हणेल.

४. बैठकीतले मोठे रंगीत चित्र वाचनालयाला. त्याची हकीकत मात्र सोबत द्यावी लागेल. लेम्युएल आणि मी चांगल्या नोकऱ्या सोडून एक छोटी कंपनी काढली होती. सूर्याच्या पोटात हलके अणू एकमेकांत मिसळतात आणि ऊर्जा निघते, ज्याला आम्ही फ्यूजन म्हणतो, त्यावर रॉकेट चालवायचे होते. आजचे यान मंगळावर पोचायला सात-आठ महिने घेते, आणि तेवढ्यात आतल्या माणसाची हाडे ठिसूळ व्हायला लागतात. आमचे रॉकेट निम्म्याहून कमी वेळात पोचले असते. गणित तेव्हा बरोबर होते, आजही आहे.

लेम्युएलने गुंतवणूकदारांसाठी हे चित्र एका चित्रकाराकडून काढून घेतले. सडपातळ, रुपेरी रॉकेट. मी विचारले, "रेडिएटर कुठायत?"

"अगं, ते बरे नाहीत दिसत."

"लेम्युएल, हे चालू केलंस की दुसऱ्या मिनिटाला वितळेल."

"वितळू दे की! आधी चेक तर वटू दे!"

ही चूक आमच्या धंद्यात जवळजवळ सगळेच करतात. अंतराळात फुंकर घालायला हवा नाही. इंजिनाची वाया जाणारी उष्णता पत्रे तापवून त्यांच्या किरणांवाटेच बाहेर टाकावी लागते, आणि ते पत्रे फुटबॉलच्या मैदानांएवढे होतात. मी ते भर बैठकीत फळ्यावर काढून दाखवले. रॉकेट धुणे वाळत घातलेल्या अंगणासारखे दिसायला लागले. गुंतवणूकदार उठून गेले, पुढे कंपनी बुडाली, आणि लेम्युएलने माझ्याशी बोलणे टाकले. पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा काढीन. वाचनालयाने चित्राखाली पाटी लावावी: 'या रॉकेटला रेडिएटर नाहीत. चालू करू नये.'

५. लेम्युएल टारंटला मी काहीही देत नाही. याचा कोणी भलता अर्थ काढू नये. वकील गॉडसी म्हणतात की ज्याला काही मिळते त्याने साक्षीला राहू नये, आणि मला साक्षीला तोच हवा आहे. पाना त्याने ठेवून घ्यावा, पण तो मी दिलेला नाही.

६. आता शेड, तिची जागा आणि आतले यंत्र. कंपनी बुडाली तेव्हा आमचे फ्यूजनच्या चाचणीचे यंत्र भंगारात निघाले होते. कॅल्विन ट्रक घेऊन आला आणि त्याने ते इथे आणले. पुढे एका शनिवारी लेम्युएलही आला. माफी वगैरे काही नाही, थेट गळती शोधायला वाकला. तेव्हापासून दर शनिवारी आम्ही ते चालवतो. दोन टोकांकडून तप्त वायूची दोन कडी एकमेकांवर सोडायची आणि मधोमध चुंबकाने आवळायची. जेवढी वीज घातली तिच्या नखाएवढीही परत मिळालेली नाही. पण दर वेळी न्यूट्रॉन येतात, म्हणजे आत अणू खरोखर मिसळतात.

असे रॉकेट कधी उडेल? आमचे लोक 'तीस वर्षांनी' म्हणतात. मी कामाला लागले तेव्हाही तीसच म्हणत होते. लोक हसतात, मी हसत नाही. चुंबक हलके झाले, ते मी डोळ्यांनी पाहिले. रेडिएटर अजून जड आहेत. घातल्यापेक्षा जास्त देईल आणि रॉकेटवर मावेलही, असे यंत्र अजून कोणाकडेच नाही. ते होईल, असे मला मनापासून वाटते. पण माझ्या पश्चात, आणि कदाचित मार्लिसच्याही. तोवर अशी यंत्रे कोणीतरी चालती ठेवली पाहिजेत. आतली हवा काढणारे पंप बंद करून वर्षभर ठेवले की हे नुसते लोखंडच.

यंत्र घ्याल का, असे विद्यापीठाला विचारले. त्यांना नुसते वीज साठवणारे कॅपॅसिटर काढून हवे होते. लेम्युएलला विचारले, तर म्हणाला, "मी ब्याऐंशीचा. मला देतेस म्हणजे चार दिवस उसनं देतेस."

राहिली मार्लिस. ती जमिनींचे व्यवहार करते आणि या जागेला तिच्याकडे गिऱ्हाईक तयार आहे. यंत्राशी तिचे जुने वैर. कंपनीत नियम होता की यंत्राच्या खोलीत जाणाऱ्याने दाराशी टांगलेल्या फळ्यावरची आपली किल्ली खिशात घालायची. सगळ्या किल्ल्या फळ्यावर परत येईपर्यंत वीज भरायचीच नाही. मार्लिस शाळा सुटल्यावर तिथेच असे, म्हणून तिच्याही नावाची किल्ली होती. एक दिवस ती किल्ली घेऊन शाळेत गेली. सगळे काम अडले. लेम्युएल ओरडला, "पोरगी शाळेत आहे हे माहितेय ना आपल्याला? भर वीज!" मी भरू दिली नाही. फळा सांगत होता की माणूस आत आहे. मी स्वतः शाळेत गेले आणि विचारले, "किल्ली का नेलीस?"

"तू न्यायला यावंस म्हणून," ती म्हणाली.

गेल्या रविवारी मी तिला यंत्राचे विचारले. गॉडसींनी कलम टाईप करूनच आणले होते: शेड, जागा व यंत्र मार्लिस हिला, परंतु तिने ते विकू अगर मोडू नये, अन्यथा घरावरचाही हक्क जाईल.

"म्हणजे मेल्यावरही मला शेडमध्येच बसवणार तू?" मार्लिस म्हणाली.

"तू विकशील."

"विकीनही. नाही विकणार, कदाचित. मला अजून माहीत नाही, आई. पण घराचा धाक दाखवलास तर मी कुलूप लावीन आणि वर्षातून एकदा धूळ झटकीन. चालेल तुला?"

"बाई, अट काढलीत तर मी कसलीच हमी देऊ शकत नाही," गॉडसी म्हणाले.

आठवडाभर मला दुसरे काही सुचले नाही. हे यंत्र जगावे असे मला फार वाटते, आणि ते जगणार नाही अशी भीतीही वाटते. पण मी बँकेत चिकटावे अशी माझ्या वडिलांची इच्छा होती, तरी त्यांनी मला बांधून घातले नाही. ज्या कामाला अजून दोन-तीन पिढ्या लागणार, त्यातल्या पहिलीलाच दावणीला बांधून ते पुढे कसे जाणार?

म्हणून 'परंतु' पासून 'हक्क जाईल' पर्यंतचा मजकूर मी स्वतः रेघ मारून खोडला आहे आणि बाजूला सही केली आहे. शेड, जागा व यंत्र मार्लिसचे, विनाअट. गॉडसी म्हणाले की खोडाखोड वाईट दिसते, स्वच्छ प्रत काढून आणतो. मी नको म्हटले. मी काय मागणार होते आणि ते मागितले नाही, हे मार्लिसला दिसू दे.

सही: इमोजीन रूथ प्रूइट

साक्षीदार: बर्निस ओल्डहॅम, शेजारीण. सही माझ्यासमोर केली.

साक्षीदार: लेम्युएल टारंट. सही व रेघ दोन्ही माझ्यासमोर. ती रेघ मारू लागली तेव्हा मी तिचा हात धरला होता. तिने तो सोडवून घेतला.

स्थळ: हंट्सव्हिल, मॅडिसन काउंटी, अलाबामा
दिनांक: १८ ऑक्टोबर, शनिवार